जनावरांच्या आयुर्वेदाचं ऑनलाइन सर्टिफिकेट – पैसे घालावेत का?

येरळाकाठ (वडूज)

नमस्कार मंडळी. बी.एस्सी. अ‍ॅग्री करून गावी परत आलेय. घरी गाई-म्हशी आहेत, आणि आमचे आप्पा, म्हणजे थोरले चुलते, पंचक्रोशीत जनावरांना झाडपाल्याचं औषध देतात. दगडी, पोटफुगी, वार न पडणं, बैलाचा खांदा सुजणं, असलं सगळं. पैसे घेत नाहीत, फार तर नारळ. आता ते थकलेत आणि हे माझ्याकडे यावं असं त्यांना वाटतं. मलाही गोडी आहे, पण नुसतं ऐकीव ज्ञान घेऊन कुणाच्या गोठ्यात शिरायला धीर होत नाही.

मध्यंतरी फोनवर जाहिरात आली. 'पशुआयुर्वेद तज्ज्ञ', सहा महिने, सगळं ऑनलाइन, फी पंधरा हजारांच्या घरात, शेवटी होलोग्राम लावलेलं प्रमाणपत्र. खाली मोठ्या अक्षरात 'स्वतःचं क्लिनिक सुरू करा'. चौकशी केली तर बाई म्हणाल्या, "गव्हर्नमेंट रजिस्टर्ड आहे मॅडम." कशाखाली रजिस्टर्ड, ते काही सांगेनात. संस्थेचं नाव इथे देत नाही.

कुणी असला कोर्स केलाय का? त्यावर खरंच जनावरं तपासता येतात का? आणि हा नाही तर मग कुठला?

कृष्णाकाठचा_दूधवाला (पलूस)

वाचतोय. आमच्या गावातल्या एकानं असलं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय, नावामागं 'डॉ.' पण लावलंय. सलाईनसुद्धा लावतो. झाडपाला कुठं दिसला नाही अजून.

वकीलकाका (सातारा)

क्लिनिकपुरतं सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984. त्याचं कलम 30 वाच. नोंदणीकृत पशुवैद्यक सोडून कुणालाही पशुवैद्यकीचा व्यवसाय करता येत नाही, जनावराच्या आरोग्याचा दाखला सही करून देता येत नाही, कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्ष देता येत नाही. नोंदणी होते ती बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच.सारख्या, कायद्याच्या परिशिष्टात असलेल्या पदवीवर. आपल्याकडे ती महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद करते, नागपूरला. सहा महिन्यांचा कोर्स त्या परिशिष्टात नाही. म्हणजे होलोग्राम कितीही चमकला तरी क्लिनिकचा बोर्ड लावलास की अडचण.

एक अपवाद आहे. पशुसंवर्धन खात्याची मान्यता असलेली पदविका किंवा प्रमाणपत्र असणाऱ्यांना राज्य सरकार आदेश काढून किरकोळ सेवांची परवानगी देऊ शकतं: लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी, प्राथमिक उपचार. तेही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. आपले पशुधन पर्यवेक्षक त्यात बसतात. जाहिरातीतली संस्था बसत नाही.

'गव्हर्नमेंट रजिस्टर्ड' म्हणजे बहुतेक वेळा ट्रस्ट, सोसायटी, कंपनी नाहीतर उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची नोंदणी. उद्यम तर वडापावच्या गाड्यालाही मिळतं.

येरळाकाठ

काका, धन्यवाद. मग आप्पा जे करतात ते बेकायदेशीर का?

वकीलकाका

आपल्या गोठ्यातल्या जनावराला कोरफड लावायला कुणी अडवत नाही. शेजाऱ्याला सल्ला दिला, नारळ घेतला, तरी कुणी केस करायला बसलेलं नाही. फी ठरवली, बोर्ड लावला, इंजेक्शन धरलं की चित्र बदलतं. मधल्या जागेत बरंच धुकं आहे आणि इथे सांगून ते जाणार नाही.

पण विम्याचं ध्यानात ठेव. विमा उतरवलेली गाय दगावली तर कंपनी कानातला बिल्ला मागते आणि नोंदणीकृत पशुवैद्यकाचा शवविच्छेदन अहवाल मागते. आधी कुणी काय दिलं याचीही चौकशी होते. त्या वेळी 'आप्पांनी पाला दिला होता' हे वाक्य शेतकऱ्याला महागात पडू शकतं.

शिरवळचा_जुना

शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयातनं शिकलो, सध्या पाटणच्या अंगाला असतो. काकांनी कायद्याचं सांगितलं, मी गोठ्यातलं सांगतो. मी झाडपाल्याच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर दहा जण अंगावर येतील.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ, म्हणजे एन.डी.डी.बी., आज कासदाहावर, म्हणजे दगडीवर, जे औषध शिकवतंय ते असं: कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, खायचा चुना 15 ग्रॅम. तमिळनाडूचे प्रा. पुण्यमूर्ती आणि बेंगळुरूचे प्रा. नायर यांनी या पारंपरिक औषधांवर बरीच वर्षं काम केलं आणि मापं ठरवून दिली. कोरफडीचे काटे काढायचे, तुकडे करायचे, तिन्ही एकत्र वाटायचं. चुना पडला की हळद लालभडक होते, घरी कुंकू करायचे तीच रीत. लाल झालं नाही तर एकतर चुना निवला आहे किंवा हळद हळद नाही. कास धुवायची, चारी सड पूर्ण पिळून काढायचे, मूठभर लगदा पाण्यात सैल करून सगळ्या कासेला लावायचा. दिवसातनं आठ-दहा वेळा, किमान पाच दिवस. सोबत रोज दोन लिंबं कापून खायला, तीन दिवस.

आता गंमत बघ. ही कृती मी तुला इथं फुकटात लिहून दिली. तिच्यासाठी पंधरा हजार कशाला? पैसे मोजण्यासारखी गोष्ट पुढची आहे. गाय उभी आहे, खातेय, रवंथ करतेय, फक्त एक सड सुजलाय आणि दुधात गाठी येतायत, तर हे लाव. पण गाय बसली, कान गार पडले, डोळे आत गेले, सडातनं पाण्यासारखं पिवळं यायला लागलं, तर तो विषार अंगात भिनलेला कासदाह आहे. तिथं कोरफड वाटत बसलं की संध्याकाळपर्यंत गाय जाते. तसंच व्यायल्यावर दोन-तीन दिवसांत मान पोटाकडे वळवून बसलेली गाय. लोक तिला 'बाहेरचं' समजतात, ती कॅल्शियम मागत असते. शिरेतनं कॅल्शियम गेलं की बऱ्याचदा डोळ्यांदेखत उठते. त्याला पाला नाही.

हा फरक ऑनलाइन व्हिडिओत कळत नाही. थर्मामीटर लावून, पोटावर हात ठेवून, रवंथ मोजून कळतो. जो कोर्स तुला जनावराजवळ उभं करत नाही तो घेऊ नकोस.

कृष्णाकाठचा_दूधवाला

डॉक्टर म्हणतात त्यातली कोरफड-हळद मी वापरतोय. फायदा होतो, पण सुरुवातीलाच लावलं तर. पहिल्या धारा काळ्या फडक्यावर काढून बघायच्या, कणी दिसली की त्याच दिवशी सुरू. गाठ दगडासारखी झाल्यावर काय उपयोग नाही.

आमच्यासाठी खरा फायदा दुधाचा आहे. अँटिबायोटिक टोचलं की सांगितलेले दिवस दूध डेअरीला घालता येत नाही, आणि कुणी चोरून घातलं तर सगळा टँकर धोक्यात. लेप लावला तर हा प्रश्न येत नाही. मात्र लेप लावून पिळताना सड नीट धुवा, नाहीतर दूध पिवळं दिसतं आणि संकलनवाला विचारतो काय घातलंय म्हणून.

अवांतर: हळद कुठली घ्यायची यावर कुणी बोलत नाही. आपण सांगलीत राहतो, 2018 पासून सांगलीच्या हळदीला जी.आय., म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, आणि तरी दुकानातली चकाकी दिलेली पुडी आणतो. रंग चढवलेली हळद जनावराच्या कासेला लावू नका. घरचं हळकुंड भिजत घालून वाटा.

बोक्याची_आई (विश्रामबाग, सांगली)

तुमची चर्चा गाई-म्हशींची आहे, पण मध्येच घुसते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'पशुआयुर्वेद' म्हणून एक यादी फिरतेय, कुत्र्या-मांजरांना जंतांसाठी लसूण द्या म्हणून. खरं आहे का? माझ्या बोक्याला कुणी तरी टी ट्री ऑइल पण सुचवलंय, पिसवांसाठी.

शिरवळचा_जुना

दोन्ही नको! ताई, बरं झालं विचारलंत.

कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. मांजरात तर थोड्यानंही होतं. आणि टी ट्री तेल मांजराला विषारीच. मांजराचं यकृत बरीच द्रव्यं आपल्यासारखी निकामी करू शकत नाही, वर ते अंग चाटतं, म्हणजे लावलेलं सगळं पोटात.

येरळाकाठ, हे तुझ्यासाठीही आहे. पोटफुगीच्या औषधात गाईला लसणीच्या पाकळ्या, कांदा, गूळ, आलं, जिरं देतात आणि औषधाच्या मापात गाय ते पचवते. तेच कुत्र्याला दिलंस तर दवाखाना. 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' असं शिकवणारा कोर्स दिसला की तिथूनच परत फिर. घाणेरी नैसर्गिकच आहे, खाल्ली की जनावराचं यकृत जातं आणि उन्हात कातडी सोलवटते. पाऊस लांबला की कोवळी, सुकलेली ज्वारी खाऊन जनावर तडफडतं, ती पण नैसर्गिकच.

माडग्याळी (जत)

डॉक्टर तुमचं सगळं बरोबर हाय. पण तुम्ही पाटणला. आमच्या हिकडं डॉक्टर येतोय म्हणून सांगतोय आन संध्याकाळ होतीय. मेंढरू तवर थांबतंय व्हय? आमच्या आज्यानं, बानं पाल्यावरच कळप राखलाय. ह्या पोरीच्या आप्पासारखी माणसं नसती तर आमची जित्राबं कवाच गेली असती. कायदा बोलतोय समदा, पण रात्री दोन वाजता कायदा येत न्हाय.

शिरवळचा_जुना

भाऊ, राग बरोबर आहे. एका डॉक्टरकडे किती गावं असतात हे मला सांगायला नको. पण पहिल्या पावसाचा हिरवा चारा खाऊन सकाळी मेंढरं ताठ पडलेली तुम्हीही बघितली असतील. आंत्रविषार. त्याला तुमच्या आज्याकडेही औषध नव्हतं, माझ्याकडेही नाही. पावसाआधीची लस हेच औषध. पाला जिथं चालतो तिथं चालू दे, पण लस चुकवू नका.

माडग्याळी

लस टोचतोय की. ते न्हाय म्हणलो मी.

औषधी_बाग (कराड)

मी बी.ए.एम.एस. वकीलकाका, माझ्याकडे आयुर्वेदाची पदवी आहे, वनस्पती ओळखतो, रसशास्त्र शिकलोय. मला तरी जनावराला औषध देता येईल ना? घोड्यांचे वैद्य शालिहोत्र, हत्तींचे वैद्य पालकाप्य, ही परंपरा आपलीच आहे. आणि एप्रिल 2021 मध्ये आयुष मंत्रालय आणि केंद्राच्या पशुसंवर्धन विभागात करारही झालाय, पशुवैद्यकात आयुर्वेद आणण्यासाठी.

वकीलकाका

नाही देता येणार. तुमची नोंदणी माणसांसाठी आहे, कलम 30 तुम्हालाही लागू. करार दोन खात्यांमधला आहे, त्यानं तुमच्या नावापुढे पशुवैद्यक लागत नाही.

तुम्हाला दुसरीकडे वाव आहे, औषध बनवण्यात. औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा, 1940 मध्ये आयुर्वेदिक औषधाच्या व्याख्येतच 'माणसांच्या किंवा प्राण्यांच्या' असं आहे. म्हणून जनावरांचं आयुर्वेदिक औषध विकायला बनवायचं तर आयुर्वेदिक उत्पादन परवाना लागतो, आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडून. घरात वाटून बाटलीत भरलं, लेबल चिकटवलं आणि बाजारात विकलं की मामला गंभीर. येरळाकाठ, हे तूही वाच, कारण या कोर्सवाल्यांचा पुढचा सल्ला हमखास 'स्वतःचा ब्रँड काढा' हा असतो.

पशुखाद्य_प्रतिनिधी

आमच्या कंपनीचं लिव्हर टॉनिक शंभर टक्के हर्बल आहे, सोबत डीलरशिप आणि ट्रेनिंग सर्टिफिकेट फ्री. इच्छुकांनी विपू (निरोप) करावी.

बोक्याची_आई

आले!

औषधी_बाग

परदेशात मात्र याचे रीतसर कोर्स आहेत. अमेरिकेत फ्लोरिडातलं ची इन्स्टिट्यूट (आता ची युनिव्हर्सिटी) 1998 पासून जनावरांसाठी चिनी वनौषधी आणि अ‍ॅक्युपंक्चर शिकवतंय. वनौषधी वापरणाऱ्या पशुवैद्यकांची व्हेटरिनरी बोटॅनिकल मेडिसिन असोसिएशन आहे. ऑस्ट्रेलियातलं एक कॉलेज ऑनलाइन शिकवतं. आपल्याकडेच का नाही?

शिरवळचा_जुना

आहेत, पण प्रवेश कुणाला ते बघा. तिथले प्रमाणपत्राचे मुख्य कोर्स परवानाधारक पशुवैद्यकांसाठी आणि पशुवैद्यकीच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. आधी डॉक्टर व्हा, मग वरचं शिका. इंग्लंडात तर 1966 च्या कायद्यानं पशुवैद्यकाशिवाय कुणी जनावराचं निदानच करू शकत नाही, वनौषधीवाला असला तरी. आपल्या जाहिरातवाल्यांनी तिथलं 'सर्टिफिकेट' तेवढं उचललं आणि आधीची साडेपाच वर्षं गाळली. बी.व्ही.एस्सी. साडेपाच वर्षांची आहे, त्यात वर्षभर इंटर्नशिप.

आणि आपल्याकडे नाही असं कोण म्हणतं? एन.डी.डी.बी. दूध संघांमार्फत शेतकऱ्यांना आणि डॉक्टरांना हीच औषधं शिकवतंय. मार्च 2025 मध्ये केंद्रानं पशुऔषधी योजना आणली, त्यात स्वस्त जेनेरिक औषधांबरोबर या पारंपरिक औषधांचाही समावेश आहे. फक्त त्यात कुणाला 'तज्ज्ञ' म्हणून बोर्ड लावायला मिळत नाही, म्हणून त्याची जाहिरात तुमच्या फोनवर येत नाही.

येरळाकाठ

सगळं दोनदा वाचलं. संस्थेला व्हॉट्सअ‍ॅपवर तीनच प्रश्न टाकले: कुठल्या परिषदेची मान्यता, गोठ्यावर प्रात्यक्षिक किती दिवस, आणि शिकवणारे नोंदणीकृत पशुवैद्यक आहेत का. उत्तर आलं, "मॅडम, आज अ‍ॅडमिशन घेतलं तर चाळीस टक्के डिस्काउंट."

तो विषय संपला. पण मग मी करू काय? नीट देऊन परत साडेपाच वर्षं घरचे देणार नाहीत. आप्पांची विद्या वाया जावी असंही वाटत नाही.

शिरवळचा_जुना

नीटचं तू ठरव, बारावीला बायोलॉजी होती का त्यावर आहे. दुसरं, माफसूची, म्हणजे नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाची, पशुसंवर्धनाची पदविका बघ. त्यातनं वर काकांनी सांगितलेल्या किरकोळ सेवांच्या चौकटीत येतेस. कौशल्य विकासात 'अ‍ॅनिमल हेल्थ वर्कर' असाही अभ्यासक्रम आहे, आणि उमेद या सरकारी ग्रामीण अभियानाच्या पशुसखी, म्हणजे गावात जनावरांची प्राथमिक काळजी घेणाऱ्या बायका, असतातच. त्यात पैसा मोठा नाही, पण गोठ्यात जायला कारण मिळतं आणि डॉक्टरशी ओळख होते.

आप्पांचं म्हणशील तर, औषधापेक्षा ते जनावर कसं बघतात ते टिपून घे. आधी कुठं हात लावतात, शेण बघतात का, कुठल्या जनावराला 'हे माझं काम नाही' म्हणून परत पाठवतात. वनस्पतीचा फांदी-फूल-फळासकट फोटो काढ, एकाच नावानं दोन गावांत दोन झाडं दाखवतात. माप 'मूठभर' असेल तर त्यांचीच मूठ वजन करून लिही.

आणि पाजायची पद्धत बघ. जीभ बाहेर ओढून, तोंड आभाळाकडे करून बाटली ओतत असतील तर ते आधी बंद करायला लाव. औषध फुप्फुसात जातं आणि तीन-चार दिवसांनी जनावर न्यूमोनियानं जातं, दोष मात्र आजाराला. त्यापेक्षा पाला गुळा-मिठात वाटून थोडा-थोडा जिभेवर आणि टाळूला चोळायचा. जनावर चाटून खातं, ठसका लागत नाही.

येरळाकाठ

ओतत नाहीत, गुळातच देतात! पण वही काढली की गप्प होतात. म्हणतात, लिहिलं की गुण जातो.

कृष्णाकाठचा_दूधवाला

मग वही काढू नको. फोन खिशात रेकॉर्डिंगला ठेव.

वकीलकाका

विचारून ठेव.

औषधी_बाग

झाडांची ओळख पटवायला मी वडूजला येऊ शकतो, रविवारी. औषध देणार नाही, काका, नुसती झाडं बघणार.

माडग्याळी

पोरी, तुझं चालू दे. डॉक्टर, एक इचारायचं हाय. एका मेंढीची कास सुजलीय सकाळपास्नं. कोरफडीचं माप मेंढीला निम्मं करायचं का पाव?

शिरवळचा_जुना

बाहेरनं लावायचंय, कास झाकली की झालं, मापाचा बाऊ नाही. पण आधी सांगा: कासेचा रंग कसा आहे? हात लावल्यावर गरम की गार? मेंढी मागचा पाय ओढतेय का?

माडग्याळी

एका बाजूला निळसर हाय. गार लागतीय. पाय वडतीय.

शिरवळचा_जुना

मग कोरफड ठेवा बाजूला. कास सडायला लागलीय, यात एका दिवसात मेंढी जाते. 1962 या जनावरांच्या हेल्पलाइनला आत्ता फोन लावा, गँगरीन म्हणून सांगा. कोकरं तिच्यापासून काढा, दुसरं दूध पाजा. तिला वेगळी बांधा आणि तिचं दूध जमिनीवर पिळू नका, भांड्यात काढून लांब पुरा.

माडग्याळी

लावला. येतो म्हणालेत. बघू.